दोनशे चौदा हिरवे चौकोन

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक भला मोठा पडदा आहे आणि त्यावर दोनशे चौदा चौकोन आहेत. एक चौकोन म्हणजे एक चेक. आमचे अकरा सर्व्हर, त्यांच्यावर नाना तऱ्हेच्या सेवा चालू असतात, आणि आमचं देखरेखीचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला प्रत्येकीच्या दारावर टकटक करून विचारतं, आहेस का? आहे म्हटलं की चौकोन हिरवा. उत्तर नाही आलं की लाल, आणि आमचे फोन बोंबलायला लागतात. या पडद्यासमोर तीन वर्षं बसून मला एवढंच कळलं, की वरच्या लोकांना हिरवा सोडून दुसरा रंग सहन होत नाही. लाल दिसला तर तो सर्व्हरमुळे आलेला नसतो, तुमच्यामुळे आलेला असतो.

या सर्व्हरांवरून रोगतपासणीचे रिपोर्ट जातात. प्रयोगशाळेत रक्त तपासलं, आकडे आले, की ते आमच्याकडे येतात आणि आमच्याकडून डॉक्टरांच्या फोनवर, दवाखान्याच्या संगणकावर पोचतात. म्हणजे आम्ही ना डॉक्टर, ना तपासणारे. आम्ही नुसते टपालवाले, आणि पत्र वेळेवर पोचलं म्हणून टपालवाल्याला कोणी हार घालत नाही.

इथं मला भाऊजींनी चिकटवलं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई तेवीस. तिच्या लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. ती मला घेऊन नव्या घरात गेली आणि भाऊजींनी एका शब्दानंही विचारलं नाही, की हा किती दिवस राहणार. शाळा, कॉलेज, पहिली सायकल, पहिला चष्मा, सगळं त्यांनी केलं. पुढं मी दोन गल्ल्या सोडून खोली घेतली, पण संध्याकाळचं जेवण ताईकडेच. लोक म्हणतात, नशीबवान आहेस. आहेच. पण उपकारात वाढलेल्या माणसाला एक खोड लागते. ज्यानं केलं त्याच्यात तो सारखी खोट शोधत बसतो. मला भाऊजींमध्ये एकच सापडली होती. ते बरोबर असायचे. सतत. वैताग येईल इतके.

ऑफिसात मी त्यांना भाऊजी म्हणायचो म्हणून हळूहळू सगळेच म्हणायला लागले. आमच्या शेजारी बसणारा काडीसारखा सहकारी, ज्याला आम्ही थट्टेनं पहिलवान म्हणायचो, तोही म्हणायचा, आणि वयानं त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असलेल्या आमच्या मॅडमही म्हणायच्या. सगळ्या ऑफिसचे भाऊजी. चेक कसे लावायचे हे आम्हाला त्यांनीच शिकवलं.

"चालू आहेस का, असं विचारू नये," ते सांगायचे. "चालू तर सगळेच असतात. काय काम केलंस ते दाखव, असं विचारावं."

मग ते नुसत्या टकटकीवर थांबायचे नाहीत. प्रत्येक सेवा आपण काय केलं ते ओळीओळीनं एका फाइलीत लिहीत असते. त्या फाइलीला लॉग म्हणतात. भाऊजींनी रिपोर्ट पाठवणाऱ्या सेवेच्या लॉगवर दोन नियम लावले होते. पहिला सरळ होता. एकच रिपोर्ट तीनदा पाठवूनही गेला नाही अशी नोंद दिसली, की लाल. दुसरा त्यांचा लाडका. लॉगमध्ये दहा मिनिटं एकही नवी ओळ पडली नाही, तरी लाल. म्हणजे वाईट बातमी आली तर ओरडायचंच, पण कसलीच बातमी आली नाही तरी ओरडायचं. या दुसऱ्या नियमाला पहिलवानानं 'गप्पी' असं नाव ठेवलं होतं. भाऊजींना ते इतकं आवडलं, की तेही तिला गप्पीच म्हणायला लागले, मुलीबद्दल बोलावं तसं.

या गप्पीनं आमचा जीव खाल्ला होता. छोट्या प्रयोगशाळा दुपारी दोन ते चार बंद असतात. सुट्टीच्या दिवशी तर विचारूच नका. तिकडे कोणी रक्त तपासत नाही म्हणून इकडे ओळ पडत नाही, म्हणून गप्पी बोंबलते. दुपारी चार-चार वेळा फोन वाजायचा आणि उघडून बघावं तर काही नाही, कुठला तरी तपासनीस जेवायला गेलेला. भाऊजींचं उत्तर तयार होतं. छत्तीस प्रयोगशाळांचं वेळापत्रक बनवायचं आणि गप्पीला शिकवायचं, की कोणाचं गप्प बसणं कधी चालतं. ते प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतः फोन करून जेवणाच्या वेळा विचारायचे. एकोणीस झाल्या होत्या. बाकी सतरा व्हायच्या होत्या, आणि तोवर आम्ही मार खायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करायचा अधिकार कंपनीनं तिघांपुरताच घेतला होता. एक मॅडम, एक नोकरी सोडून गेलेला माणूस ज्याचं नाव काढायला कोणाला सवड नव्हती, आणि एक भाऊजी. आम्ही नवे नाव घाला म्हणून अर्ज करायचो आणि अर्ज वर जाऊन झोपायचे. म्हणून भाऊजींनी आपला पासवर्ड आम्हाला दिला होता. मॅडमना ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. कोणीही काहीही बदललं तरी इतिहासात नाव भाऊजींचंच यायचं. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. बदल केला, की खालच्या चौकटीत काय केलं, का केलं ते लिहायचं आणि शेवटी आपली खूण टाकायची. पहिलवानाची खूण 'प'. माझी 'ध', कारण घरात मी धाकट्या.

शुक्रवारी सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं ऑफिस बघायला येणार होती. मॅडमनी आठवडाभर आधीच बजावलं होतं, पडद्यावर एकही लाल दिसता कामा नये. गुरुवारी दुपारी भाऊजी अर्ध्या दिवसाच्या रजेवर होते, ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. अडीचच्या सुमारास गप्पी सुरू झाली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा नेमक्या मॅडम पडद्यासमोर उभ्या.

"हे काय चाललंय?"

"काही नाही मॅडम. जेवणाची सुट्टी आहे तिकडे. लॉगमध्ये ओळ नाही, एवढंच."

"काही नाही, तर मग लाल कशाला दाखवतोय? काढून टाक ना ते. उद्या त्यांना काय सांगू, कोणीतरी जेवायला गेलंय म्हणून?"

पहिलवान फिस्सकन हसला. मी भाऊजींच्या नावानं आत गेलो. एखादा नियम तात्पुरता थांबवायचा असला, तर चार पानं भरावी लागतात. कधीपासून, कधीपर्यंत, कोणाच्या सांगण्यावरून, पुन्हा आठवण कोणाला करायची. कायमचा बंद करायचा असला तर एक टिचकी पुरते. ज्यानं हे सॉफ्टवेअर लिहिलं त्याला माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक असणार. मी टिचकी मारली. खालच्या चौकटीत लिहिलं, 'विनाकारण होणारा आवाज बंद केला.' खूण टाकली नाही.

विसरलो असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. विसरलो नव्हतो. 'ध' दिसला असता, तर संध्याकाळी जेवताना भाऊजींनी घास हातात धरून तासभर मला गप्पीचं महत्त्व सांगितलं असतं, तेही न रागावता. रागावले असते तर एक वेळ चाललं असतं.

शुक्रवारी दोनशे चौदाच्या दोनशे चौदा चौकोन हिरवेगार होते. मॅडमनी पाहुण्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की यानं एका दिवसात फुकटचे इशारे निम्म्यावर आणले. मला गुदगुल्या झाल्या. का होऊ नयेत? तीन वर्षं कंत्राटावर होतो, कोणी नावानिशी हाक मारली नव्हती.

सोमवारी गप्पी परत चालू करायची असं ठरवलं होतं. सोमवारी फोन शांत होता. मंगळवारीही. तिसऱ्या आठवड्यात भाऊजींनी मला चहाच्या यंत्रापाशी गाठलं.

"गप्पी बोलली नाही रे इतक्यात दुपारची. लक्षात आलं का तुझ्या?"

मी म्हटलं, "तुमचं वेळापत्रक जमलं असेल."

त्यांचा चेहरा असा खुलला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं, भाचीला सांगितलं, की एकोणीस प्रयोगशाळांच्या वेळा भरल्या तेवढ्यानंच ऐंशी टक्के काम झालं. भाची म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवणाच्या सुट्ट्यांचे मंत्री आहात." सगळे हसले. मीही हसलो. दुसरं कोणी असतं, तर स्वतः आत जाऊन बघितलं असतं. भाऊजीही बघायचे, सगळ्यांचं काम बघायचे. माझ्या शब्दावर मात्र त्यांनी विश्वास ठेवला.

त्यानंतर चार दिवसांनी सात नंबरच्या सर्व्हरवर रिपोर्ट पाठवणाऱ्या सेवेची नवी आवृत्ती बसवली गेली. नव्या आवृत्तीत लॉगच्या फाइलीचं नाव बदललं होतं. आम्हाला कोणी कळवलं नाही. आमचा चेक आपला इमानेइतबारे जुनीच फाइल वाचत राहिला. जुन्या फाइलीत आता कोणीच लिहीत नव्हतं, म्हणजे चुकीची नोंदही नव्हती, म्हणजे सगळं ठीक. हिरवा. नव्या फाइलीत मात्र, पाठवता आला नाही, पाठवता आला नाही, अशा ओळींचा ढीग लागत होता, आणि ती फाइल जगात कोणीही वाचत नव्हतं. सेवा चालूच होती. टकटक केली की आहे म्हणायची. गप्पी असती तर दहा मिनिटांत बोंबलली असती.

पाच दिवस हे असं चाललं. तेराशे रिपोर्ट अडकले. एका दवाखान्यातल्या स्वागतिकेनं फोन करून शिव्या घातल्या, तेव्हा आम्हाला पत्ता लागला. बहुतेकांचं फार काही बिघडलं नाही. लोकांनी स्वतः चौकशी केली, पुन्हा रक्त दिलं, चिडले. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं बिघडलं. निवृत्त चित्रकलाशिक्षक. रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यायचे, आणि ती त्यांना जास्त होतेय असं त्या रिपोर्टात होतं. प्रयोगशाळेनं तातडीनं फोन करावा इतका आकडा वाढलेला नव्हता, पण डॉक्टरांनी वाचताच गोळी थांबवली असती. डॉक्टरांना रिपोर्ट मिळालाच नाही. काही कळलं नाही म्हणजे ठीक असेल, असं समजून ते गृहस्थ चार दिवस गोळी घेत राहिले आणि पाचव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला. वाचले. पण वाचा गेली.

चौकशी लागली. बाहेरून एक दाढीवाला गृहस्थ आला, काचेच्या खोलीत बसला आणि त्यानं इतिहासाची यादी छापून घेतली. लॉगवरचा दुसरा नियम कायमचा बंद. गुरुवार, दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं. समोर भाऊजींचं नाव.

भाऊजी त्या खोलीत चाळीस मिनिटं होते. मी बाहेर कीबोर्डवर उगाच बोटं आपटत होतो. माझी पाचावर धारण बसली होती. बाहेर आल्यावर ते थेट माझ्याकडे आले.

"चहा घेतोस?"

यंत्रापाशी आम्ही दोघंच होतो. त्यांनी दोन पेले भरले, एक माझ्या हातात दिला.

"तीन वाजून बारा मिनिटं," ते म्हणाले. "तेव्हा मी दवाखान्यात तुझ्या ताईच्या डोळ्यांत थेंब घालत होतो. अर्धा तास डोळे मिटून बसायचं होतं तिला. मी घड्याळ लावलं होतं, म्हणून पक्कं आठवतंय."

ते माझ्याकडे बघत होते. नजर काढून घेत नव्हते, रोखूनही बघत नव्हते. वाट बघत होते. मला आज वाटतं, की त्या वेळी 'भाऊजी' एवढा एक शब्द जरी मी उच्चारला असता, तरी पुढचं सगळं आपोआप बाहेर पडलं असतं.

मी म्हटलं, "पहिलवान असेल."

"पहिलवान खूण टाकतो," भाऊजी म्हणाले. त्यांनी चहा संपवला, पेला टोपलीत टाकला आणि जागेवर जाऊन बसले.

चौकशी नऊ दिवस चालली. नऊ दिवस मी रोज संध्याकाळी ताईकडे जेवायला गेलो. न जाणं अवघड होतं. न गेलो असतो तर का आलो नाही हे सांगावं लागलं असतं. भाऊजी नेहमीसारखे बोलायचे. भाचीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेबद्दल, गच्चीच्या गळतीबद्दल. एकदा भाऊजी हात धुवायला गेल्यावर ताईनं मला विचारलं, "तुला काही सांगायचंय का रे?"

"भाजीत मीठ कमी आहे," मी म्हटलं.

तिनं मीठ आणून दिलं.

दाढीवाल्यासमोर भाऊजींनी शेवटी काय सांगितलं ते मला पहिलवानाकडून कळलं. ते खोटं बोलले नाहीत. मी केलं, असं ते म्हणालेच नाहीत. ते म्हणाले, "खातं माझं आहे. पासवर्ड मी दिला होता. माझ्या नावावर जे झालं त्याची जबाबदारी माझी." कोणाकोणाला दिला होता, असं त्यानं विचारलं, तर म्हणाले, "ते सांगून अडकलेले रिपोर्ट वेळेवर पोचणार नाहीत." कंपनीला एवढं भरपूर होतं. एक नाव मिळालं, नियम मोडल्याची कबुली मिळाली, गिऱ्हाइकाला दाखवायला एक डोकं मिळालं. बावन्नाव्या वर्षी, चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर भाऊजींनी आपलं कार्ड टेबलावर ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही समजून घ्याल, भाऊजी." त्यांनी भाऊजी म्हणायला नको होतं. ते नातं माझं होतं, आणि मी तर खिडकीबाहेर बघत उभा होतो.

महिन्याभरात मला कायम केलं. भाऊजींची खुर्ची दिली. सॉफ्टवेअरमधून त्यांचं नाव काढून त्या जागी माझं घातलं. तीन वर्षं झोपलेला अर्ज एका दुपारीत उठून बसला. भाची म्हणाली, "मामा, अभिनंदन." भाऊजींनी हात मिळवला. त्यांना तोवर एका बाजारपेठेच्या इमारतीत काम मिळालं होतं. तळघरात गाड्या लावायच्या जागेवर सोळा कॅमेरे आहेत. त्यांच्या पडद्यांसमोर दुपारपासून रात्री नऊपर्यंत बसायचं. त्या वयाच्या माणसाला, आणि तेही काढून टाकलेल्या, दुसरं कोण घेणार? ताईनं मला सांगितलं, की त्यांनी तिथंही वही घातलीय, कुठला कॅमेरा कधी धूसर होतो त्याची. मी जेवत होतो.

मागच्या आठवड्यात त्या चित्रकलाशिक्षकांच्या मुलीचं पत्र आलं. आता खुर्ची माझी, म्हणून मॅडमनी ते माझ्याच टेबलावर ठेवलं. रीतसर उत्तर लिही, म्हणाल्या. पत्रात आरडाओरडा नव्हता. वडील पाटीवर चित्रं काढून हवं ते मागतात, असं लिहिलं होतं. पाण्यासाठी पेला काढतात. त्या दिवशी त्यांनी एक कुलूप काढलं आणि ते काय मागतायत हे घरात कोणालाच कळलं नाही. तुमच्याकडे जे घडलं ते कोणी केलं आणि त्याचं काय झालं एवढंच सांगा, असा शेवट होता.

जुन्या उत्तरांत बघून मी मसुदा करायला घेतला. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं, 'संबंधित कर्मचाऱ्याला सेवेतून कमी करण्यात आले आहे.' मी 'संबंधित' पर्यंत आलो आणि उठून मॅडमच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं.

"मॅडम, तो नियम मी बंद केला होता. भाऊजी नव्हतेच त्या दिवशी ऑफिसात."

त्या संगणकावर काहीतरी वाचत होत्या. वर बघितलं, चष्मा काढला.

"मला माहीत आहे. रजेचे अर्ज माझ्याकडेच येतात ना. आणि काढ म्हणून तुला सांगितलं कोणी? मीच तर सांगितलं."

"मग तेव्हा..."

"तेव्हा तू काही बोलला नाहीस, मी काही बोलले नाही. पासवर्ड वाटणं हा त्यांचा दोष होताच. एक माणूस जायला हवा होता, गेला. आता तू गेलास तर ते परत येणार आहेत का? फक्त मला नवा माणूस शोधावा लागेल." त्यांनी चष्मा परत लावला. "उत्तर आज जाऊ दे. फार लांबवू नकोस."

मी दात-ओठ खात बाहेर आलो. तिचा गळा धरावासा वाटला. नाक वर करून कसं सांगत होती, मी काही बोलले नाही! आणि खुर्चीत बसल्यावर कळलं, की तिनं केलं तेच मी केलं, फरक इतकाच की तिला भाऊजींनी वाढवलं नव्हतं. मी ते वाक्य पूर्ण केलं. संबंधित कर्मचाऱ्याला सेवेतून कमी करण्यात आले आहे. खाली माझं नाव, माझा हुद्दा. पत्र पाठवून दिलं.

तिथून तडक ताईकडे गेलो. सात वाजले होते. भाची मैत्रिणीकडे, भाऊजी कामावर. ताई ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत होती. बसलो असतो तर धीर सुटला असता, म्हणून मी उभ्याउभ्याच सांगितलं. गुरुवार, तीन वाजून बारा मिनिटं, न टाकलेली खूण, पहिलवानाचं घेतलेलं नाव, सगळं.

तिनं हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं. मग दुसरं घेतलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. हे घरी आले आणि म्हणाले, धाकट्यानं केलंय. मी म्हटलं, मग सांगून टाका ना तिथं. तर म्हणाले, तो सांगेल. थोडा वेळ दे त्याला."

तिनं तिसरं भांडं उचललं.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "रोज तू आलास की मी यांच्याकडे बघायचे आणि हे मान हलवायचे, अजून नाही. शेवटच्या दिवशी मी त्या गुरुवारची दवाखान्याची पावती काढून पर्समध्ये घातली होती. म्हटलं, मीच जाते तुमच्या ऑफिसात आणि आपटते टेबलावर. यांनी पर्स काढून घेतली हातातून. म्हणाले, त्यानं सांगितलं तर गोष्ट वेगळी. आपण सांगितलं म्हणजे आपण त्याला पकडून दिलं. पकडून द्यायचा होता, तर वाढवला कशाला?"

"ताई, मी आज मॅडमना सांगितलं सगळं. आज सांगून आलोय."

"आज." तिनं फडकं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "कायम झालास, यांच्या खुर्चीवर बसलास, आता तुला कोणी हात लावत नाही हे पक्कं झालं, मग सांगितलंस. आणि आता इथं आलास. कशाला आलास रे? मन हलकं करायला?"

मी तिनं ठेवलेलं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी कितीदा रडलेय मी. आज येत नाहीये." तिनं ताट घेतलं, मला वाढलं, पाण्याचा पेला भरून ठेवला. "एक कर. यांना यातलं काही सांगू नकोस."

"भाऊजींना? का? त्यांनाच तर..."

"यांना वाटतंय तू घाबरलास. नोकरी जाईल म्हणून तेव्हा तोंड उघडलं नाहीस, लहानपणी फुलदाणी फोडून पलंगाखाली बसायचास तसा. घाबरलेल्याला माफ करता येतं, म्हणून यांनी तुला माफ केलंय. त्या तळघरात बसायला यांना तेवढाच आधार आहे. खुर्ची पक्की झाल्यावर तोंड उघडलंस हे कळलं, तर तोही जाईल. तो काढून घेऊ नकोस."

घड्याळात साडेसात होत आले होते.

"जेव आता," ती म्हणाली. "आणि हे यायच्या आत जा."

मी जेवलो. ताट धुऊन ठेवलं आणि ते यायच्या आत निघालो.